अर्धी वाट कोठे संपते?

शाळेच्या कपाटावर बहुधा धूळ खात पडलेला पृथ्वीचा गोल खाली काढावा आणि त्यावर जैसलमेर शोधावे. जैसलमेरच्या किल्ल्यातून पृथ्वीच्या केंद्रामधून आरपार एक लांबलचक सुई खुपसली, तर ती पलीकडे कोठे बाहेर येईल? हा प्रश्न आठवीच्या वर्गात विचारला, तर बहुतेक मुले 'अमेरिकेत' असे उत्तर देतात. उत्तर काढण्याची रीत अगदी सोपी आहे. अक्षांश तोच ठेवायचा, फक्त उत्तरेऐवजी दक्षिण म्हणायचे. रेखांश १८० मधून वजा करायचा आणि पूर्वेऐवजी पश्चिम म्हणायचे. जैसलमेर २६ अंश ५५ मिनिटे उत्तर अक्षांशावर व ७० अंश ५५ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. म्हणून सुई बाहेर येईल ती २६ अंश ५५ मिनिटे दक्षिण आणि १०९ अंश ५ मिनिटे पश्चिम या ठिकाणी. तेथे चहूकडे पॅसिफिक महासागर आहे. पण जवळच, जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, एका लहानशा बेटावर विमानतळ आहे. हे बेट म्हणजे ईस्टर बेट. स्थानिक लोक त्याला रापा नुई म्हणतात. (मुंबईकरांच्या माहितीसाठी: मुंबईच्या पायाखाली नुसते पाणीच येते. ईस्टर बेट तेथून आणखी सुमारे ९३० किलोमीटर दक्षिणेला राहते.)

दगडी पुतळ्यांमुळे हे बेट सर्वांना ऐकून माहीत असते. आम्हाला मात्र या लेखात पुतळ्यांविषयी काही सांगायचे नाही. आम्हाला बोलायचे आहे ते बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या माताव्हेरी विमानतळाविषयी. जगातील सर्वांत एकाकी विमानतळांत त्याची गणना होते. तेथून सर्वांत जवळचा दुसरा विमानतळ गांबिये द्वीपसमूहातील मांगारेवा बेटाजवळचा, आणि तोही सुमारे २,६०० किलोमीटर दूर. बेट चिली देशाच्या ताब्यात असल्याने विमानांची नेहमीची ये-जा होते ती चिलीची राजधानी सांतियागो येथून. २०१७ च्या जनगणनेनुसार बेटावर ७,७५० माणसे राहत होती. एखाद्याला मोठ्या शस्त्रक्रियेची गरज पडली, तर त्याला विमानात घालून सांतियागोलाच न्यावे लागते. तेव्हा 'सांतियागो किती लांब?' आणि 'किती वेळ लागेल?' हे तेथे केवळ भूगोलाच्या तासाचे प्रश्न नाहीत.

हे दोन प्रश्न एकच आहेत असे आपण सहसा गृहीत धरतो. अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे गणित पाचवीपासून डोक्यात बसलेले असते. विमानाच्या बाबतीत या दोन प्रश्नांचे रस्ते लवकरच फुटतात. कसे, ते पाहू.

अंतर: एकच आकडा

प्रथम अंतर. गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट म्हणजे त्या दोन बिंदूंमधून जाणाऱ्या बृहद्वृत्ताचा लहान भाग. पृथ्वीचे केंद्र हेच ज्या वर्तुळाचे केंद्र असते, ते बृहद्वृत्त. वर्गात हे दाखवायला दोरा पुरतो. गोलावर दोन गावांवर दोऱ्याची टोके धरून तो ताणला, की तो आपोआप बृहद्वृत्तावर जाऊन बसतो. दोऱ्याला भूमिती शिकवावी लागत नाही.

गणकयंत्र हाताशी असेल, तर दोऱ्यापेक्षा अचूक उत्तर मिळते. त्यासाठी गोलीय त्रिकोणमितीतील एकच सूत्र पुरेसे आहे. दोन गावांनी पृथ्वीच्या केंद्राशी केलेल्या कोनाला 'अंतरकोन' म्हणू. मग

अंतरकोनाचा कोसाइन = (पहिल्या अक्षांशाचा साइन × दुसऱ्या अक्षांशाचा साइन) + (पहिल्या अक्षांशाचा कोसाइन × दुसऱ्या अक्षांशाचा कोसाइन × रेखांशांतील फरकाचा कोसाइन).

दोन्ही गावे एकाच गोलार्धात असतील तर दोन्ही अक्षांश धन घ्यावेत, नाहीतर एक ऋण घ्यावा.

सांतियागोचा विमानतळ ३३.३९३ अंश दक्षिण, ७०.७८६ अंश पश्चिम येथे आहे. माताव्हेरी २७.१६५ अंश दक्षिण, १०९.४२२ अंश पश्चिम येथे. रेखांशांतील फरक ३८.६३६ अंश. सूत्रातील पहिला कंस ०.२५१३ येतो आणि दुसरा ०.५८०२. बेरीज ०.८३१५. हा ज्या कोनाचा कोसाइन, तो कोन ३३.७४५ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. म्हणून अंतर झाले ३,७५२ किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने खऱ्या अंतरात थोड्या किलोमीटरांचा फरक पडेल. त्याकडे आपण दुर्लक्ष करू. नागपूरहून मुंबईला जाऊन परत यावे आणि पुन्हा एकदा तसेच करावे, तरी हे अंतर भरून निघत नाही. आणि या वाटेवर उतरण्यासारखी जमीन कोठेही नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बृहद्वृत्ताचे महत्त्व सांगताना पुस्तकांतून असे भासवले जाते की, नकाशावर पट्टीने रेघ मारून गेलो तर फारच लांबचा फेरा पडतो. दर वेळी तसे नसते. मर्केटरच्या नकाशावर सांतियागो ते ईस्टर बेट अशी सरळ रेघ मारून, म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून गेले, तर वाट सुमारे ३,७७१ किलोमीटरांची होते. फरक फक्त १९ किलोमीटरांचा. पण सांतियागोहून थेट सिडनीला जायचे ठरवले, तर चित्र पालटते. दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. त्या अक्षांशाला धरून पश्चिमेकडे गेले, तर सुमारे १२,७७० किलोमीटर पडतात. बृहद्वृत्ताने ११,३४०. आणि ही जवळची वाट दक्षिणेकडे इतकी वाकते की, मध्यावर ती जवळजवळ ६२ अंश दक्षिण अक्षांशापर्यंत, म्हणजे अंटार्क्टिकाच्या अंगणात पोचते. गोलावर दोरा ताणून हे मुलांना जरूर दाखवावे. सपाट नकाशावर विश्वास ठेवणाऱ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

आणि जैसलमेरचे काय? जैसलमेर आणि माताव्हेरी हे दोन्ही विमानतळ गोलावर जवळजवळ समोरासमोर असल्याने त्यांमधील अंतर सुमारे १९,९७० किलोमीटर भरते. पृथ्वीवर याहून फारसे लांब कोठे जाताच येत नाही. गंमत अशी की, जैसलमेरहून तुम्ही उत्तरेला निघा, दक्षिणेला निघा की पूर्वेला, नाकासमोर गेलात तर बेटाच्या आसपासच पोचाल आणि चाललेले अंतर सगळ्या दिशांनी जवळजवळ सारखेच भरेल. येथे दोराही गोंधळतो. कोणत्या बाजूने ताणून बसावे हे त्याला ठरवता येत नाही.

वेळ: दोन आकडे

आता सांतियागो-ईस्टर बेट विमानाचे वेळापत्रक पाहू. जाताना सुमारे साडेपाच तास लागतात. येताना जवळजवळ पाऊण तास कमी. तीच वाट, तेच विमान, तेच ३,७५२ किलोमीटर. (वेळापत्रकावरून हे काढताना एक काळजी घ्यावी. बेटावरची घड्याळे सांतियागोच्या दोन तास मागे असतात. हा फरक धरला नाही, तर जाण्याचा प्रवास साडेतीन तासांचा आणि येण्याचा साडेसहा तासांहून अधिक लांब वाटतो, आणि विद्यार्थी अगदी उलटा निष्कर्ष काढतात.)

या ठिकाणी वर्गातून एक हात हमखास वर येतो. 'पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे बेट आपणहून सरकत येत असेल ना? त्याला कमी वेळ लागायला हवा.' प्रश्न हुशारीचा आहे. त्याला हसू नये. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावत असते. विमान वर उठले आणि जमीन खालून निघून गेली असे खरेच घडत असते, तर पश्चिमेकडच्या गावाला जायला इंजिने चालू करण्याचीही गरज पडली नसती. नुसते वर उठून थांबले की झाले. पण विमान धावपट्टीवर असतानाच पृथ्वीबरोबर फिरत असते आणि ज्या हवेतून ते उडते ती हवाही पृथ्वीबरोबर फिरत असते. चालत्या आगगाडीच्या डब्यात चेंडू वर उडवला, तर तो मागच्या बाकावरच्या माणसाच्या डोक्यात पडत नाही, आपल्याच हातात परत येतो. तसेच हे.

हवा मात्र पृथ्वीबरोबर अगदी तंतोतंत फिरत नाही, आणि सारी मेख येथेच आहे. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते आणि उंचावरून दोन्ही ध्रुवांकडे सरकते. विषुववृत्तावर असताना ती पृथ्वीच्या आसापासून सर्वांत दूर असते. ध्रुवांकडे सरकताना आसाच्या जवळ येते. फिरत्या खुर्चीवर हात पसरून बसलेल्या माणसाने हात छातीशी घेतले, की खुर्ची भरभर फिरू लागते. कोनीय संवेग कायम राहायचा असेल तर दुसरा इलाज नसतो. हवेचेही तेच होते. विषुववृत्तावरून निघालेली हवा वाटेत काहीही न गमावता ३० अंशांपर्यंत पोचली, तर तेथील जमिनीच्या मानाने तिचा पूर्वेकडचा वेग ताशी सुमारे ४८० किलोमीटर होईल. प्रत्यक्षात हवेचे निरनिराळे थर व भोवरे एकमेकांत मिसळतात आणि हा वेग पुष्कळ कमी होतो. तरीही १० ते १२ किलोमीटर उंचीवर, ३० अंशांच्या आसपास पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा एक जोरदार पट्टा दोन्ही गोलार्धांत उरतोच. यालाच उपोष्ण कटिबंधीय जेट प्रवाह म्हणतात. सांतियागो ३३ अंशांवर, बेट २७ अंशांवर. विमानाची वाट नेमकी या पट्ट्यातून जाते. तेव्हा पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहेच. पण तो विद्यार्थ्याला वाटला त्याच्या अगदी उलट बाजूने लागतो.

समुद्रसपाटीला बेटावर वर्षाचा बराच काळ पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे वाहतात. शिडाच्या जहाजाला चिलीकडून बेटाकडे येताना या वाऱ्यांची मदत होई. विमानाला त्याच दिशेने जाताना, दहा किलोमीटर वरती, अडथळा होतो. एकाच ठिकाणी, एकाच वेळी, खाली एक वारा आणि वर दुसरा.

वाऱ्याचा वेळेवर होणारा परिणाम होडी आणि नदीच्या उदाहरणासारखाच आहे. समजा, विमानाचा हवेतील सरासरी वेग ताशी ८८० किलोमीटर आहे आणि वाटेवर पश्चिमेचा वारा सरासरी ताशी ९० किलोमीटर आहे. (आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत, पण ते वास्तवापासून फार दूर नाहीत.) बेटाकडे जाताना जमिनीच्या मानाने वेग उरतो ७९०. येताना तो होतो ९७०. भागाकार केले, की जाण्याचे ४ तास ४५ मिनिटे आणि येण्याचे ३ तास ५२ मिनिटे मिळतात. धावपट्टीपर्यंत सरपटणे, वर चढताना व उतरताना घालावे लागणारे वळसे यांसाठी दोन्हीकडे चाळीसेक मिनिटे धरली, तर वेळापत्रकाशी मेळ बसतो.

'जाताना जे गमावले ते येताना मिळाले, एकूण हिशेब सारखाच' असे वाटणे साहजिक आहे. तो सारखा नसतो. वारा नसता तर दोन्ही वेळा मिळून ८ तास ३२ मिनिटे लागली असती. वाऱ्यासह लागतात ८ तास ३७ मिनिटे. कारण उघड आहे. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, अनुकूल वाऱ्यात कमी वेळ. त्यामुळे तोटा नफ्याहून नेहमी मोठा. वारा दुप्पट, म्हणजे १८० केला, तर तोटा ५ मिनिटांवरून २२ मिनिटांवर जातो. म्हणजे वारा दुप्पट, तोटा सुमारे चौपट. आणि वारा ८८० झाला तर? विमान जागच्या जागी लटकून राहील. विद्यार्थ्यांना हा तक्ता स्वतः करू द्यावा. वाऱ्याच्या आणि विमानाच्या वेगांच्या गुणोत्तराचा वर्ग कोठे लपला आहे, हे नववी-दहावीची मुले थोड्या खटपटीने शोधून काढतात.

हे गुणोत्तर जुन्या विमानांच्या बाबतीत किती क्रूर होते, ते लक्षात घ्यावे. जानेवारी १९५१ मध्ये चिलीच्या हवाई दलाच्या रोबेर्तो पारागे यांनी कॅटालिना जातीच्या सागरी विमानाने मुख्य भूमीहून या बेटापर्यंत पहिले उड्डाण केले. त्याला सुमारे १९ तास लागले. म्हणजे सरासरी वेग ताशी २०० किलोमीटरांच्याही आत. अशा विमानाला ताशी ५० किलोमीटरांचा वारा म्हणजे चौथ्या हिश्शाची उलथापालथ.

मध्यबिंदू दोन

येथपर्यंतचा भाग बऱ्याच पुस्तकांत सापडेल. आमच्या मते खरा महत्त्वाचा प्रश्न पुढेच आहे. सांतियागोहून निघालेल्या विमानाचे एक इंजिन समुद्रावर मध्येच बंद पडले, किंवा एखाद्या प्रवाशाला हृदयविकाराचा झटका आला, तर वैमानिकाने पुढे जावे की मागे फिरावे?

'अर्धी वाट झाली असेल तर पुढे, नसेल तर मागे.' वर्गात हेच उत्तर येते. अर्धी वाट म्हणजे १,८७६ किलोमीटर. या ठिकाणाहून पुढे जायला ताशी ७९० वेगाने २ तास २२ मिनिटे लागतील. मागे फिरले तर ताशी ९७० वेगाने १ तास ५६ मिनिटे. म्हणजे बरोबर मध्यावर असूनही मागे फिरणे २६ मिनिटांनी जवळचे! अंतराची अर्धी वाट संपली, वेळेची संपलेली नाही.

दोन्हीकडे सारखाच वेळ लागेल असे ठिकाण कोठे असेल? ते काढायला एका चलाचे समीकरण पुरते. त्याचे उत्तर असे:

सांतियागोपासूनचे अंतर = एकूण अंतर × परतीचा वेग ÷ (परतीचा वेग + पुढे जाण्याचा वेग).

आकडे घालू: ३,७५२ × ९७० ÷ १,७६० = २,०६८ किलोमीटर. येथून दोन्हीकडे २ तास ८ मिनिटे. या ठिकाणाला आपण समवेळ बिंदू म्हणू. तो मध्यबिंदूपासून १९२ किलोमीटर वाऱ्याच्या तोंडाकडे, म्हणजे बेटाच्या बाजूला सरकलेला आहे. बेटाकडून सांतियागोला येणाऱ्या विमानासाठी तोच हिशेब केला, तर समुद्रावरचे तेच ठिकाण मिळते. विमान कोणत्या दिशेने चालले आहे याच्याशी या बिंदूला कर्तव्य नाही. त्याला फक्त वारा ठाऊक असतो.

इंजिन बंद पडल्यावर विमान इतक्या उंचीवर राहू शकत नाही. ते खाली येते, त्याचा वेग घटतो, आणि खालच्या उंचीवर वाराही वेगळा असतो. म्हणून वैमानिक या प्रसंगासाठी वेगळा समवेळ बिंदू काढून ठेवतात. एका इंजिनावर वेग ७२० आणि तेथील वारा ६० धरला, तर बिंदू २,०३२ किलोमीटरवर येतो आणि तेथून कोणत्याही किनाऱ्याला लागायला २ तास ३६ मिनिटे लागतात. हे मिनिटांचे मोजमाप फार मोलाचे आहे. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाने, एक इंजिन बंद पडल्यास, जवळच्या विमानतळापासून जास्तीत जास्त किती मिनिटे दूर असावे याचे नियम आहेत. अमेरिकेत १९५३ पासून ही मर्यादा ६० मिनिटांची होती. इंजिने जसजशी भरवशाची झाली, तशी ती १९८५ मध्ये १२० आणि १९८८ मध्ये १८० मिनिटे झाली. २०१४ मध्ये बोइंग ७८७ ला ३३० मिनिटांची परवानगी मिळाली. साठ मिनिटांच्या नियमात दोन इंजिनांच्या विमानाला ईस्टर बेटाला जाताच आले नसते.

विमान धडधाकट आहे. पण बेटावरून निरोप आला की धावपट्टीवर एक विमान चाक फुटून अडकले आहे, तर? माताव्हेरीला धावपट्टी एकच. ती चांगली ३,३०० मीटर लांबीची आहे. अमेरिकेच्या अंतराळयानाला (स्पेस शटल) संकटकाळी उतरता यावे म्हणून १९८० च्या दशकात ती वाढवली गेली. पण लांब असली तरी एकच. इतर ठिकाणी विमान शेजारच्या शहरी वळवतात. येथे शेजार २,६०० किलोमीटरवर. म्हणून अशा एकाकी विमानतळाला जाताना शेजारच्या विमानतळापर्यंतचे इंधन नेण्याऐवजी सुमारे दोन तास उडत राहता येईल एवढे इंधन जास्तीचे नेतात. तेवढ्या वेळात धावपट्टी मोकळी होईल, किंवा पावसाची सर ओसरेल.

या जादा इंधनामुळे तिसराच एक बिंदू तयार होतो. विमानात ४ तास ४५ मिनिटे अधिक २ तास, म्हणजे पावणेसात तासांचे इंधन आहे असे धरू. त्यातील शेवटचा अर्धा तास कोणीही हात न लावण्यासाठी बाजूला ठेवू. उरले सव्वासहा तास. जाऊन परत यायचे तर इतक्या वेळात किती दूर जाता येईल? ज्या अंतराला जायला ताशी ७९० आणि यायला ताशी ९७० वेगाने मिळून ६.२५ तास लागतात, ते अंतर २,७२१ किलोमीटर. हा परतीचा शेवटचा बिंदू. निघाल्यापासून सुमारे ३ तास २७ मिनिटांनी तो येतो. तेथपर्यंत वैमानिक बेटावरची हवा आणि धावपट्टीची स्थिती विचारत राहतो. तो ओलांडला, की पुढचे १,०३१ किलोमीटर, १ तास १८ मिनिटे, त्या विमानाला साऱ्या जगात एकच धावपट्टी उरते. म्हणूनच पुढचे विमान बेटावर उतरल्याशिवाय मागच्या विमानाला असा बिंदू ओलांडू न देण्याचा शिरस्ता तेथे आहे. पुढचे विमान धावपट्टीवरच अडकले तर मागच्याला परत फिरता आले पाहिजे.

समवेळ बिंदू आणि परतीचा शेवटचा बिंदू यांत पुस्तकांतूनही गल्लत होते. पहिला सांगतो, कोणता किनारा लवकर येईल. दुसरा सांगतो, मागचा किनारा अजून आवाक्यात आहे का. आपल्या उदाहरणात या दोहोंमध्ये साडेसहाशे किलोमीटरांचे अंतर आहे.

एक रात्र

१६ ऑक्टोबर १९५६ ची रात्र. पॅन अमेरिकन कंपनीचे चार इंजिनांचे बोइंग ३७७ विमान होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला चालले होते. ही वाटही ईस्टर बेटाच्या वाटेएवढीच लांब, सुमारे ३,८५० किलोमीटरांची, आणि तशीच निर्जन. विमानात ३१ माणसे होती. समवेळ बिंदू नुकताच मागे पडला होता. कॅप्टन रिचर्ड ऑग यांनी १३,००० फुटांवरून २१,००० फुटांवर जाण्याची परवानगी घेतली. वर पोचताच डाव्या टोकाच्या इंजिनाचा पंखा बेफाम वेगाने फिरू लागला. अशा वेळी पंख्याची पाती वाऱ्याला कडेने वळवून तो स्थिर करण्याची सोय असते, ती चालेना. इंजिन तेल तोडून बंद पाडले, पण पंखा भिंगरीसारखा फिरतच राहिला आणि विमानाला जणू मागे ओढू लागला. काही वेळाने उजव्या टोकाचे इंजिनही निकामी झाले.

आता सगळे हिशेब पुन्हा करायचे होते. वेग घटला होता, दर किलोमीटरला लागणारे इंधन वाढले होते. संध्याकाळी काढलेला समवेळ बिंदू सांगत होता की सॅन फ्रान्सिस्को लवकर येईल. पण नवे गणित सांगत होते की इंधन सॅन फ्रान्सिस्कोलाही पुरणार नाही आणि होनोलुलूलाही नाही. परतीचा बिंदू आणि पोचण्याचा बिंदू दोन्ही एकाच घटकेला हातचे गेले होते.

त्या काळी अशा वाटांवर समुद्रात ठरावीक जागी जहाजे उभी असत. हवामानाची निरीक्षणे, विमानांना दिशा दाखवणे आणि वेळ आली तर सुटका, ही त्यांची कामे. या वाटेच्या जवळजवळ मध्यावर अमेरिकी तटरक्षक दलाचे पॉन्टचार्ट्रेन हे जहाज उभे होते. ऑग यांनी विमान त्याच्याकडे वळवले आणि अंधारात पाण्यावर उतरण्याऐवजी उजाडेपर्यंत त्याच्याभोवती घिरट्या घातल्या. प्रवाशांना शेपटाकडच्या जागांवरून उठवून पुढे बसवले. सकाळी जहाजाने पाण्यावर फेसाचा पट्टा ओढून उतरण्याची दिशा दाखवली. विमान पाण्यावर उतरताना शेपूट तुटून वेगळे झाले. एकतीसही माणसे वाचली. विमान वीसेक मिनिटांत बुडाले.

सांतियागो आणि ईस्टर बेट यांच्यामध्ये असे जहाज उभे नसते. तेथे असतात ते फक्त आधी काढून ठेवलेले आकडे.

वर्गासाठी एक उदाहरण देऊन थांबतो. ताहिती बेटावरील पापीते (१७.५५ अंश दक्षिण, १४९.६ अंश पश्चिम) येथून ईस्टर बेटाला २०२० पर्यंत नियमित विमान जात असे. वरील सूत्राने हे अंतर ४,२४८ किलोमीटर येते, सांतियागोहून पाचशे किलोमीटरांनी जास्त. वाऱ्याचे आकडे तेच धरून समवेळ बिंदू काढावा. तो पापीतेपासून १,९०७ किलोमीटरवर यायला हवा. मग नकाशात मांगारेवा बेट शोधावे. तेथील विमानतळ २३.०८ अंश दक्षिण, १३४.८९ अंश पश्चिम येथे आहे. पापीते ते मांगारेवा आणि मांगारेवा ते ईस्टर बेट ही दोन अंतरे त्याच सूत्राने काढून त्यांची बेरीज ४,२४८ शी ताडून पाहावी. त्यानंतर विद्यार्थ्यांना विचारावे की, या वाटेवर समवेळ बिंदू आता कोणत्या दोन विमानतळांमध्ये काढायचा, आणि लांबीने मोठी असलेली ही वाट सांतियागोच्या वाटेपेक्षा जास्त एकाकी म्हणायची की कमी.